‘ग्रेगरीज गर्ल’ पुन्हा पुन्हा पाहिल्यानंतर

शाळकरी प्रेमाचे इंग्रजी विनोदी चित्रपट म्हटले की आपल्याकडे अमेरिकेतलेच आठवतात. लॉकरच्या रांगा, वर्षअखेरचा नाच आणि चष्मा काढल्यावर अचानक देखणी दिसणारी मुलगी. १९८१ चा स्कॉटिश ‘ग्रेगरीज गर्ल’ त्या गप्पांत येतच नाही. ब्रिटनमध्ये त्याचा मान मोठा आहे, त्याच्या पटकथेला बाफ्टा हा तिथला मोठा चित्रपट पुरस्कार मिळाला, पण मराठी प्रेक्षकांत त्याचं नाव क्वचितच निघतं. बरेच महिने तो हाताशी ठेवून कधी सलग, कधी तुकड्यातुकड्यांनी पाहिल्यावर एक गोष्ट पक्की झाली आहे: पहिल्यांदा पाहताना तो गोड वाटतो, पण त्याची खरी हुशारी कळते ती पुढच्या वेळी.

गोष्ट दोन ओळींची. शाळेचा फुटबॉल संघ सतत हरतोय. प्रशिक्षक नवे खेळाडू शोधतो तेव्हा डोरोथी नावाची मुलगी निवड चाचणीला येते आणि सगळ्या मुलांना मागे टाकते. तिला घेतल्यावर उंच, ढांगळा ग्रेगरी आघाडीवरून थेट गोलरक्षकाच्या जागी जातो आणि जागा गेल्याचं दुःख करायचं सोडून तिच्या प्रेमात पडतो.

प्रशिक्षक इतका का गोंधळतो, हे कळायला थोडी पार्श्वभूमी हवी. १९७१ साली युरोपच्या फुटबॉल संघटनेत महिला फुटबॉलला मान्यता द्यायचा ठराव आला, तेव्हा विरोधात मत देणारा स्कॉटलंड हा एकमेव देश होता. महिला फुटबॉलवरची तिथली बंदी उठली १९७४ मध्ये. म्हणजे चित्रपट आला तेव्हा मुलींनी फुटबॉल खेळणं अधिकृत होऊन सातच वर्षं झाली होती. तरीही दिग्दर्शक बिल फोर्साइथ यावर भाषण ठोकत नाही. डोरोथी चांगली खेळते, म्हणून ती संघात आहे, विषय संपला. ती गोल करते तेव्हा अभिनंदनाला विरोधी संघातली मुलंही धावत येतात, या एका दृश्यात सगळं येतं. डोरोथी झालेल्या डी हेपबर्नला त्यासाठी पार्टिक थिसल या ग्लासगोच्या क्लबमध्ये काही आठवडे सराव दिला होता. चेंडू तिच्या पायाला खरंच चिकटलेला दिसतो, आणि तो तसा दिसला नसता तर चित्रपटाचा पायाच ढासळला असता.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते वेगळंच आहे. या चित्रपटात कुणाचाही पाणउतारा होत नाही. किशोरवयीन विनोदी चित्रपटांचं इंधन बहुधा अपमान असतं: जेवणघरात कुणावर तरी ताट उलटतं, कुणाची चिठ्ठी सगळ्यांसमोर वाचली जाते. इथे ग्रेगरीला हसायला भरपूर कारणं आहेत, पण सोबतची मुलं-मुली त्याला सांभाळून घेतात. शेवटचा अर्धा तास त्याचा पुरावा आहे. ग्रेगरी मित्राचा पांढरा कोट घालून डोरोथीची वाट पाहत उभा राहतो. येते दुसरीच मुलगी, कॅरल. ती त्याला थोडं पुढे नेऊन मार्गोच्या हवाली करते आणि मार्गो त्याला सुझनपर्यंत पोचवते. रिले शर्यतीतल्या दांडीसारखा तो हातोहात पुढे सरकतो आणि त्याला वाईट वाटायला उसंतच मिळत नाही. हे सगळं मुलींनी आधीच ठरवलेलं आहे. कुणाला कोण आवडतं हे त्यांना ग्रेगरीपेक्षा चांगलं माहीत आहे.

दुसऱ्यांदा पाहताना इथे गंमत वाढते, कारण सुझनकडे आता नीट लक्ष जातं. पहिल्या खेपेला ती गर्दीतली एक वाटते. शेवट माहीत असला की तिच्या आधीच्या प्रत्येक नजरेला अर्थ येतो. सुझन झालेली क्लेअर ग्रोगन त्याच काळात ऑल्टर्ड इमेजेस या बँडची गायिकाही होती. चित्रीकरणाआधी तिच्या चेहऱ्याला दुखापत झाली होती, तरी फोर्साइथने तिलाच ठेवलं आणि कॅमेरा बराचसा तिच्या एका बाजूने लावला. हे माहीत असेल तर तिच्या दृश्यांची रचना लगेच लक्षात येते.

बागेत गवतावर पाठीवर पडून, फक्त हात हलवत केलेला नाच हे या चित्रपटाचं सर्वोत्तम दृश्य. त्याला खर्च शून्य. ग्रेगरी आणि सुझन, एक झाड, संध्याकाळचा उजेड. हे दृश्य सुटं क्लिप म्हणून पाहू नका. आधीचा गोंधळ पाहिलेला नसेल तर ते नुसतं विचित्र वाटतं.

आता पाहण्याबद्दल. पहिलं काम म्हणजे आवाज तपासणं. अमेरिकेतल्या प्रदर्शनासाठी मूळचे स्कॉटिश ढंगाचे संवाद सौम्य उच्चारांत पुन्हा ध्वनिमुद्रित केले होते. ओठ आणि शब्द जुळत नसतील, मुलं जरा जास्तच स्वच्छ बोलत असतील, तर ती आवृत्ती असण्याची शक्यता आहे. ती टाळा. अर्धा विनोद बोलण्याच्या लयीत आहे आणि नव्या आवाजात ती लय मोडते. मूळ आवाज लावून इंग्रजी उपशीर्षकं चालू ठेवणं सगळ्यांत बरं. सुरुवातीची दहा मिनिटं कान अडखळतात, मग सरावतात. दुसऱ्या खेपेला उपशीर्षकं बंद करा, कारण खालच्या ओळी वाचताना चौकटीच्या कडा सुटतात आणि फोर्साइथ विनोद तिथेच ठेवतो.

उदाहरणार्थ, पेंग्विनच्या पोशाखातलं एक मूल शाळेच्या कॉरिडॉरमधून फिरत राहतं आणि जो तो त्याला दुसऱ्या खोलीत पाठवतो. कुणी कारण विचारत नाही, चित्रपटही देत नाही. मुख्याध्यापक पियानो वाजवत बसलेले असतात; ही भूमिका चिक मरी या स्कॉटलंडच्या नामवंत विनोदी नटाने केली आहे. ग्रेगरीचा मित्र स्टीव्ह स्वयंपाकाच्या वर्गात रमलेला आहे आणि त्याचं लक्ष मुलींपेक्षा पेस्ट्रीवर. ग्रेगरीचे वडील लोकांना गाडी चालवायला शिकवतात. बाप-लेकाची घरात गाठ पडत नाही, ती पडते रस्त्यावर, ग्रेगरी त्यांच्या गाडीखाली येता येता वाचतो तेव्हा. हे सगळं मोठ्या पडद्यावर छान दिसतं. मोबाइलवर पाहिलात तर पेंग्विन बहुतेक हातचा जाईल. टीव्हीवर चित्र ताणून पडदाभर करणारी सेटिंग असेल तर ती बंद ठेवा.

धाकटी बहीण मॅडलिन हा वेगळाच आनंद आहे. दहा वर्षांची ही पोरगी भावाला कपड्यांपासून बोलण्यापर्यंत सल्ले देते, आणि ते सल्ले बरोबर असतात. तिला भेटायला घरी येणारा छोटा मुलगा ग्रेगरीपेक्षा कितीतरी सभ्यपणे बोलतो. मोठ्यांपेक्षा लहान शहाणे आणि मुलांपेक्षा मुली शहाण्या, हा या गावाचा नियमच दिसतो.

गाव म्हणजे कम्बरनॉल्ड. ग्लासगोची गर्दी हलवायला १९५५ मध्ये ‘नवं शहर’ म्हणून जाहीर झालेलं, पादचारी आणि मोटारींच्या वाटा वेगळ्या करून आखलेलं. सिडकोची नवी मुंबई ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना ते काँक्रीट, ते पूल आणि मधेच लावलेली कोवळी झाडं ओळखीची वाटतील. अशा जागेला चित्रपट सहसा उदास ठरवून मोकळे होतात. फोर्साइथला तिथे चालत फिरणारी मुलं दिसतात. मुलींची ती रिले शक्य होते तीही सगळी पायी फिरतात म्हणून.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. पहिल्याच दृश्यात मुलं झुडपाआडून खिडकीतल्या नर्सला कपडे बदलताना बघतात. मुलांच्या बावळटपणावर ते दृश्य हसतं हे खरं, पण आज ते नकोसं होतं, आणि घरच्यांसोबत पाहायला बसलात तर पहिल्याच मिनिटांत अवघडायला होईल. आधी सांगून ठेवा किंवा तेवढा भाग पुढे ढकला. कथेचं काही अडत नाही. कॉलिन टलीच्या संगीतातला सॅक्सोफोन जुना वाटतो आणि काही दृश्यांत गरज नसताना घुसतो. सर्वांत मोठी उणीव मात्र डोरोथीच्या लेखनात आहे. तिला इटलीला जायचंय, ती जिद्दी आहे, एवढं कळतं. बाकी आपण तिला ग्रेगरीच्या चकित डोळ्यांनीच पाहतो. तिच्या बाजूचं एखादं दृश्य हवं होतं.

संथपणाची तक्रारही ऐकू येते. ९१ मिनिटांच्या चित्रपटात मधली काही मिनिटं खरंच रेंगाळतात, विशेषतः शिक्षकांच्या खोलीतल्या गप्पा. अँडी आणि चार्ली या ग्रेगरीच्या शाळासोबत्यांच्या जोडगोळीची मात्र घाई करू नका. व्हेनेझुएलातल्या काराकास शहरात पुरुषांपेक्षा बायका कितीतरी जास्त, असं कुठेतरी ऐकून ते स्कॉटलंडच्या रस्त्यावर उभे राहतात, मोटारी थांबवत तिथे जायला. हातातल्या पाटीवर शहराच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं असतं. चार्ली जवळजवळ चित्रपटभर गप्प असतो, त्यामुळे तो बोलतो तेव्हा कान द्या.

नट बहुतेक ग्लासगोच्या युवा नाट्यमंडळीतले. खर्च सुमारे दोन लाख पौंड. ग्रेगरी झालेला जॉन गॉर्डन सिंक्लेअर आपले लांब हातपाय कुठे ठेवावेत हे न कळल्यासारखा वावरतो, आणि हा अवघडलेपणा कुठेही नक्कल वाटत नाही.

कुणासाठी? चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांसोबत पाहायला उत्तम, पहिल्या दृश्याची सूचना लक्षात ठेवून. खळखळून हसायचं असेल त्यांनी दुसरं काही लावावं. इथे हसू उशिरा फुटतं, कधी दृश्य संपल्यावर. आवडला तर फोर्साइथचाच १९८३ चा ‘लोकल हिरो’ पुढे घ्या. १९९९ चा दुसरा भाग, ज्यात ग्रेगरी शिक्षक झालेला आहे, तो मात्र राहू द्या. त्यात राजकारण आणि कारस्थान आहे, पहिल्याची मोकळी हवा नाही.