सायकोमेट्रिक रिपोर्ट कोणाच्या हातात द्यायचा?

सायकोमेट्रिक, म्हणजे माणसाचा स्वभाव आणि कामाची शैली तपासणाऱ्या टेस्टची लिंक पाठवण्याआधी ती विकणारा वेंडर एक साधा प्रश्न विचारतो: रिपोर्ट कोणाकोणाला पाठवायचे? आपण घाईत असतो. 'कर्मचारी, मॅनेजर, एचआर' असं लिहून मोकळे होतो. मीही बरीच वर्षं तसंच लिहायचो. आधी हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आणि मग चाकणच्या एका कारखान्यात मिळून या प्रश्नाची तिन्ही उत्तरं मी राबवून पाहिली: रिपोर्ट ज्याचा त्यालाच, रिपोर्ट मॅनेजरलाही, आणि रिपोर्ट सगळ्या टीमसमोर. हा निर्णय आता तुमच्या टेबलावर असेल, तर माझा अनुभव कदाचित कामी येईल. टेस्ट कोणती घ्यावी यात शिरत नाही. ती तुम्ही निवडली आहे असं धरून चालतो.

सगळ्यांसमोर मांडायची पद्धत मला सुरुवातीला फार भावली होती, आणि तिच्यात तथ्य आहे असं आजही वाटतं. आमच्या डिझाइनच्या सात जणांच्या टीमबरोबर आम्ही ती वापरली. भिंतीवर मोठा तक्ता, आपापल्या चौकोनात प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी. 'मी ड्रॉइंग पूर्ण झाल्याशिवाय दाखवत नाही, म्हणून तू चिडतोस ना?' असा प्रश्न एकाने दुसऱ्याला तिथेच विचारला. चार वर्षं शेजारी बसूनही तो निघाला नव्हता. लुफ्ट आणि इंगहॅम यांनी १९५५ मध्ये मांडलेली जोहारी खिडकी एचआरमधल्या प्रत्येकाला पाठ असते. स्वतःबद्दल आपल्याला आणि इतरांना काय माहीत आहे, याचे ती चार कप्पे करते: खुला कप्पा जितका मोठा, तितका विश्वास जास्त. फक्त झाकलेला कप्पा ज्याचा त्याने उघडायचा असतो, ही गोष्ट वर्कशॉपच्या भरात हातातून निसटते. आम्ही आधी 'कोणाची हरकत आहे का?' असं विचारलं होतं. डिपार्टमेंटचे साहेब समोर बसलेले असताना नुकतीच कन्फर्म झालेली मुलगी हात वर करेल, ही अपेक्षा चुकीची होती. जीडीपीआर या युरोपातल्या डेटा संरक्षण कायद्याच्या चौकटीतही नोकरीतल्या माणसाची संमती सहसा पुरेशी धरत नाहीत, त्यामागचं कारण हेच आहे: नाही म्हणायची खरी मोकळीक त्याला नसते.

खुल्या पद्धतीचा निर्णय टेस्टच्या जातीवरही अवलंबून असतो. गॅलपच्या क्लिफ्टनस्ट्रेंग्थ्स टेस्टमध्ये स्वभावातल्या ३४ चांगल्या गुणांपैकी आपले पहिले पाच समोर येतात आणि पाचही चांगलेच असतात. लोक ते आवडीने टेबलावर लावतात, कोणाचं काही जात नाही. व्यक्तिमत्त्वाचे पाच पैलू मोजणाऱ्या बिग फाइव्हमध्ये मात्र 'न्यूरोटिसिझम', म्हणजे मन किती चटकन अस्वस्थ होतं, हे सांगणारा रकाना असतो. तो सगळ्यांसमोर उघडण्याची कल्पनाही मला सहन होत नाही. आणि हॉगन या टेस्ट बनवणाऱ्या कंपनीचा तो ११ पट्ट्यांचा रिपोर्ट, ताणाखाली माणूस कुठे घसरू शकतो हे दाखवणारा, तो माणूस आणि त्याचा कोच यांच्यापलीकडे जाऊ नये असं माझं ठाम मत आहे.

आता मॅनेजरला द्यायच्या पद्धतीबद्दल. इथे मला जरा थांबायचं आहे, कारण माझं मत इथेच फिरलं.

२०१६ मध्ये कारखान्यात आम्ही ४५ जणांची डिस्क, म्हणजे वागण्याची शैली चार बाजूंनी सांगणारी टेस्ट, करून घेतली. वेंडरने सुटे रिपोर्ट दिले. मी उत्साहाने त्यांची एक एक्सेल केली: नाव, विभाग आणि पुढे डी (वर्चस्व), आय (प्रभाव), एस (स्थैर्य), सी (काटेकोरपणा) असे चार रकाने. 'टीम समजून घ्यायला मदत व्हावी' असं लिहून सगळ्या विभागप्रमुखांना मेल केली. दोन-तीन साहेबांनी फोन करून शाबासकीही दिली.

पाच वर्षांनी क्वालिटीतल्या एका वरच्या पदासाठी बैठक बसली. नावं दोन होती. त्यातल्या एक मॅडम ग्राहकाच्या प्लांटवर तीन दिवस उभ्या राहून माल सॉर्ट करून घेतलेल्या, ८डी, म्हणजे दोषाचं मूळ कारण आणि उपाय मांडणारा रिपोर्ट, स्वतः लिहून ग्राहकाकडून पास करून आणलेल्या. एका साहेबांनी लॅपटॉप उघडला, जुन्या मेलमध्ये शोधलं आणि म्हणाले, 'यांचा डी फारच कमी आहे हो. क्वालिटीला कडक माणूस लागतो.' ती माझीच एक्सेल होती. पुढच्या दहा मिनिटांत त्या तीन दिवसांचा विषय कोणी काढला नाही. मीही वेळेवर बोललो नाही. पद दुसऱ्याला मिळालं. तो गृहस्थही लायक होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पत्रिकेत मंगळ असलेल्या मुलीचं स्थळ आलं की मुलगी दारात यायच्या आधी तिचा मंगळ घरात येऊन बसतो, तसं त्या मॅडमचं झालं, आणि तो कागद पाठवणारा मी होतो.

बरं, तो आकडा जे सांगत नव्हता तेच त्यातून वाचलं गेलं. डिस्कच्या बहुतेक फॉर्ममध्ये शब्दांचे गट देतात. त्यातला आपल्याला सर्वांत लागू कोणता आणि सर्वांत कमी लागू कोणता, एवढं निवडायचं. एक बाजू वर गेली की दुसरी खाली येतेच. म्हणजे कमी 'डी' याचा अर्थ त्या व्यक्तीत बाकीच्या बाजू जास्त पुढे आहेत, इतकाच. शेजारच्या माणसापेक्षा धडाडी कमी, असा अर्थ त्यातून काढता येत नाही. पण दोन नावं एकाखाली एक आली की डोळा तुलना करणारच. साहेबांना मी दोष देत नाही. तुलनेची मांडणी मीच करून दिली होती.

त्या बैठकीनंतर मी सगळ्यांना मेल केली की ती फाइल कृपया काढून टाका. काहींनी 'डन' म्हणून उत्तर दिलं. काही जण तोवर दुसऱ्या कंपनीत गेले होते. कोणाच्या लॅपटॉपवर, कोणाच्या पेनड्राइव्हवर ती अजून आहे, हे मला कधीच कळणार नाही. वाटलेली एक्सेल परत मागता येत नाही, ही एकच गोष्ट माझ्यासाठी बाकी सगळ्या फायद्यांवर भारी पडली. माणूस तर बदलत असतो. स्वभावाचा प्रकार चार अक्षरांत सांगणारी एमबीटीआय ही टेस्ट मी स्वतः दोनदा दिली आहे, मधे सहा वर्षं गेली, आणि शेवटचं अक्षर बदललं. मधल्या काळात घरात आजारपण झालं होतं, मुलगी शाळेत जायला लागली होती. माझं जुनं अक्षर कोणाच्या मेलबॉक्समध्ये असेल, तर तिथे मी अजून तोच आहे.

कायद्याचं म्हणाल, तर तुमचे लीगलवाले कदाचित 'चालेल' म्हणतील. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात नोकरीच्या कारणासाठी माहिती वापरायला काही मोकळीक ठेवलेली आहे. पण ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपलं की ती पुसावी, हे तत्त्वही त्याच कायद्यात आहे, आणि माहिती नीट न सांभाळल्याबद्दलचा दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. बारा मेलबॉक्समध्ये विखुरलेली फाइल कशी पुसणार? पुण्यात जर्मन मुख्यालयाच्या कंपन्या पुष्कळ आहेत. तुमची टीम दोन्ही देशांत असेल तर हेही लक्षात ठेवा की तिकडे कर्मचाऱ्यांकडून अशी प्रश्नावली भरून घ्यायला बेट्रीब्सराटची, म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेल्या मंडळाची मान्यता लागते.

मग रिपोर्ट ज्याचा त्यालाच द्यावा का? एमबीटीआयवाल्यांचा नैतिक आग्रह साधारण तसाच आहे: निकाल आधी त्या व्यक्तीला समजावून द्या, आणि नोकरीवर घेताना तो वापरू नका. हिंजवडीत आम्ही हे काटेकोर पाळलं. कोणाचं नुकसान झालं नाही, हे खरं. पण फायदाही फारसा झाला नाही. सहा महिन्यांनी विचारलं तेव्हा अर्ध्याअधिक लोकांना रिपोर्ट कुठे ठेवला हेच आठवत नव्हतं. वरचे विचारायचे, एवढा खर्च केला, टीममध्ये काय बदललं? माझ्याकडे उत्तर नसायचं. मॅनेजरची बाजूही मला समजते. त्याला खरोखर मदत हवी असते, आणि सगळेच मॅनेजर रिपोर्टचा दुरुपयोग करतात असं मुळीच नाही. माझ्या पाहण्यात एक असे होते की रिपोर्ट वाचून त्यांनी एका अबोल मुलाला मीटिंगआधी अजेंडा पाठवायला सुरुवात केली, आणि तो मुलगा बोलायला लागला. तुमच्याकडे असेच मॅनेजर असतील आणि ते दहा वर्षं जागेवर राहणार असतील, तर मॅनेजरला रिपोर्ट देण्याला माझा विरोध नाही. माझ्याकडे मॅनेजर दर दीड-दोन वर्षांनी बदलत होते.

२०२२ पासून मी जे करतो ते या तिन्हींच्या मधलं आहे. रिपोर्ट थेट त्या माणसालाच जातो. फीडबॅक देणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीबरोबर त्याचा पाऊण तास होतो. एचआरकडे फक्त टेस्ट झाल्याची तारीख राहते. नंतर ज्याने त्याने एक पान लिहायचं, मराठी, हिंदी, इंग्रजी, जमेल त्या भाषेत: माझ्याबरोबर काम करताना काय केलंत तर बरं पडेल. त्यात अक्षर नाही, आकडा नाही, रंग नाही. ते पान टीमला दिसतं, मॅनेजरलाही दिसतं, आणि लिहिणारा ते केव्हाही बदलू किंवा काढू शकतो. पान कंपनीच्या सर्व्हरवर एकाच जागी राहतं, मेलने जात नाही. कोणी फोटो काढलाच तर तो मी थांबवू शकत नाही, पण त्याच्या हाती लागतील ती त्या माणसाचीच वाक्यं.

यात उणिवा आहेत. काही जण गोडगोड लिहितात. 'मला परिपूर्णता आवडते' यातून टीमला काहीच कळत नाही, आणि अशांना परत लिहायला सांगणं अवघड जातं. शॉप फ्लोअरवरच्या ज्या लोकांना लिहायची सवय नाही, त्यांच्याशेजारी बसून लिहून घ्यावं लागतं. त्यात वेळ जातो. वेंडरलाही हे फारसं रुचत नाही, कारण टीम-रिपोर्ट वेगळे पैसे घेऊन विकायचे असतात. तुमची टीम लहान असेल, जुनी असेल आणि एकमेकांवर खरा विश्वास असेल, तर भिंतीवरचा तक्ता तुम्हाला अधिक लवकर फळ देईल. पण चाळीस-पन्नास लोक, वरखाली पदं आणि दरवर्षी अप्रेझल, अशी जागा असेल, तर मी रिपोर्ट त्या माणसाच्या हातातच ठेवेन.

त्या क्वालिटीच्या मॅडमनी पहिल्या वर्षी लिहिलेलं पान माझ्या लक्षात आहे. चारच ओळी होत्या. 'निर्णय देण्याआधी मी पार्ट एकदा हातात घेऊन बघते. त्यासाठी अर्धा तास द्या. लाइन थांबली असेल तर मेल नको, फोन करा. मी वाटेतच असेन.' मागच्या वर्षी त्यांनी ते पान स्वतःच उघडलं आणि 'अर्धा तास' खोडून 'दहा मिनिटं' केलं.