आधी कोणतं वाचावं: ‘हंगर गेम्स’ की ‘रेड रायझिंग’?

रोमन इतिहासाची आवड आहे, डिस्टोपियन (भविष्यातल्या जुलमी समाजाची) कादंबरीही वाचायची आहे, पण सवड एकाच मालिकेपुरती. मग सुझन कॉलिन्सची ‘हंगर गेम्स’ (२००८) घ्यावी की पिअर्स ब्राउनची ‘रेड रायझिंग’ (२०१४)? रोमकडून दोघांनीही भरपूर उचललंय. फरक इतकाच की कॉलिन्सने रोमची राज्य चालवायची रीत घेतली आणि ब्राउनने तिथली महत्त्वाकांक्षी माणसं.

कॉलिन्सच्या ‘पॅनेम’ (लॅटिनमध्ये ‘भाकरी’) या देशनावामागे जुव्हेनल हा रोमन कवी आहे. एके काळी सत्तापदं वाटणारी जनता आता भाकरी आणि खेळ एवढ्यावरच खूश असते, असा टोमणा त्याने मारला होता. पण मला याहून भारी वाटतो तो ‘टेसेरा’. रोममध्ये हे टोकन दाखवलं की सरकारी धान्य मिळे. पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळात सुमारे दोन लाख नागरिकांना ते फुकट मिळत होतं. कादंबरीत उपाशी घरातली पोरं टेसेरा घेतात. एका माणसापुरतं वर्षाचं धान्य आणि तेल हाती येतं आणि त्याबदल्यात मृत्यूच्या सोडतीत त्या पोराच्या नावाची आणखी एक चिठ्ठी पडते; नाव निघालं की एकमेकांना मारायच्या जाहीर खेळात उतरावं लागतं. रोमने धान्य वाटून गरिबांना शांत ठेवलं, पॅनेममध्ये त्याच धान्याचा सापळा होतो. राष्ट्राध्यक्ष स्नोचं नाव कोरिओलेनस, तेही उगाच नाही. प्राचीन चरित्रकार प्लूटार्कने रंगवलेला रोमन सेनानी कोरिओलेनस टंचाईच्या दिवसांत सामान्यांना स्वस्त धान्य द्यायला कडाडून विरोध करतो. (खुद्द ‘प्लूटार्क’ही या मालिकेत भेटतो, खेळांचा सूत्रधार म्हणून!)

ब्राउनचं रोम मंगळावर आहे. चौदा रंगांचा समाज, वर सोनेरी, तळाशी खाणीत राबणारे लाल. ऑगस्टस, बेलोना, ऑक्टेव्हिया अशी नावं, प्रेटर आणि लेगेट ही पदं, मार्स-मिनर्व्हा या रोमन देवतांच्या नावाने लढणारे गट, दुसऱ्या भागात चक्क विजययात्रा. घराण्यांची वैरं आणि दगाबाजी तो झकास रंगवतो. मात्र जन्माने कायमची ठरलेली ही उतरंड फारशी रोमन नाही. रोममध्ये नागरिकाने रीतसर मुक्त केलेला गुलाम सहसा नागरिक होई. ब्राउनचे रंग मराठी वाचकाला रोमपेक्षा घराजवळचे वाटले तर नवल नाही.

माझा कौल कॉलिन्सला. तिथली रोमन नावं पुसली तरी भूक आणि तमाशा यांची सांगड उरते. ब्राउनची पुसली तर बराचसा डौलच जातो. कॉलिन्सची मूळ कथा तीन भागांत संपते आणि शाळकरी मुलांच्या हातीही देता येते. ब्राउनकडे रक्तपात बराच जास्त आहे.

राजकारण, युद्धनीती, सिनेटमधले डावपेच यांतच रमत असाल, तर मात्र सरळ ब्राउनकडे वळा. पहिल्या भागातल्या विद्यार्थ्यांच्या लढाया ‘हंगर गेम्स’ची आठवण करून देतात. खरा रंग भरतो तो दुसऱ्या भागात, ‘गोल्डन सन’मध्ये. तोवर पुस्तक खाली ठेवू नका.