लसूण घालून भाजलेला फ्लॉवर आणि २८ लिटरचा ओटीजी

ओटीजी, म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिल ही विजेवरची छोटी भट्टी, दाखवताना विक्रेते केक आणि बिस्किटांविषयी भरभरून बोलतात. भाजी भाजण्याचा विषय क्वचितच निघतो. आमच्या घरी मात्र हे उपकरण मुख्यतः भाज्यांसाठीच आणले असल्याने त्याची पारख मी फ्लॉवरवर केली. फ्लॉवरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि तुरे लगदा होण्यापूर्वी त्यातले पुरेसे पाणी उडवून त्यांना खरपूस रंग आणणे हे कोणत्याही ओटीजीसाठी सोपे काम नाही.

खाली-वर दोन्हीकडे रॉड, आत पंखा, १६०० वॅट आणि कमाल २५० अंश तापमान, असे हे मॉडेल आहे. खरेदीपूर्वीच एक गोष्ट पाहून ठेवावी: एवढे उपकरण सुमारे सात अँपिअर वीज ओढते, त्यामुळे त्याला १६ अँपिअरचा सॉकेट लागतो, आणि जुन्या स्वयंपाकघरांत तो ओट्याजवळ असेलच असे नाही. विजेच्या बिलाची मात्र फारशी धास्ती नको, कारण ठरलेले तापमान गाठल्यावर रॉड अधूनमधून बंद होत असल्याने चाळीस मिनिटांच्या भाजणीला एक युनिटच्या आसपासच वीज लागते.

पंखा हे या ओटीजीचे खरे बळ आहे. फ्लॉवरमधून निघणारी वाफ तुऱ्यांभोवती रेंगाळत नाही, पृष्ठभाग लवकर कोरडा होतो आणि सपाट कापलेली बाजू ट्रेला टेकवून ठेवली असेल, तर वीसेक मिनिटांत तिच्यावर गडद तपकिरी पट्टे उमटतात, तुऱ्यांची टोके कुरकुरीत होतात आणि देठ आतून मऊसूत शिजलेला असतो. साध्या मायक्रोवेव्हमध्ये हा रंग येत नाही, तिथे फ्लॉवर केवळ वाफवला जातो. अर्थात, अळ्यांसाठी मिठाच्या कोमट पाण्यात ठेवलेले तुरे पंच्यावर पसरून पूर्ण कोरडे केलेले असले पाहिजेत. ओले तुरे पंख्यालाही दाद देत नाहीत.

लसणाच्या बाबतीत या उपकरणाचा वरचा रॉड निष्ठुर आहे. बारीक चिरलेला लसूण सुरुवातीपासून घातला, तर फ्लॉवर शिजण्याआधीच तो काळा पडून कडू होतो. म्हणून तो तेलात कालवून शेवटच्या पाच-सहा मिनिटांत घालावा, किंवा सालासकट अख्ख्या पाकळ्या पहिल्यापासून तुऱ्यांमध्ये पेरून ठेवाव्यात. त्या आत लोण्यासारख्या मऊ होतात आणि पिळून फ्लॉवरला चोळता येतात. मला दुसरी रीत अधिक आवडते, कारण तिच्यात लसणाचा उग्रपणा जाऊन गोडवा उतरतो. सुके ओरेगॅनो आणि थाइम तेल-मिठाबरोबर आधीच लावले तरी चालतात, कोथिंबीर मात्र ट्रे बाहेर काढल्यावरच घालावी.

आता तक्रारी. सोबत मिळणारा ट्रे इतका लहान आहे की मध्यम आकाराचा एक गड्डाही त्यात एका थरात मावत नाही, आणि तुरे एकमेकांवर चढले की भाजणीची वाफवणी होते. चार माणसांसाठी दोन घाणे काढावे लागतात. तापमानाची कळ २२० अंशांवर ठेवली असता आत ठेवलेला स्वतंत्र तापमापक २००च्या आसपासच थांबतो, म्हणून कळ २४०वर ठेवून पंधरा मिनिटे आधी तापवणे हाच उपाय उरतो. शिवाय मागचा उजवा कोपरा अधिक तापत असल्यामुळे अर्धी भाजणी झाल्यावर ट्रे फिरवावाच लागतो. या किमतीच्या वस्तूत तापमानाची अशी तफावत मला मान्य नाही आणि कंपनीच्या सेवा केंद्राने ती ‘सामान्य’ ठरवावी, हे तर मुळीच पटण्यासारखे नाही.

तरीही दोन-तीन माणसांच्या घरासाठी, भाज्या भाजण्याची आवड असेल तर, मी हा ओटीजी घ्यायला सांगेन. ट्रे मात्र आतल्या मापाचा, कमी काठाचा, वेगळा घ्यावा.