घरात स्टीम की सौना? आधी बोअरिंगचं पाणी तपासा

नागपुरात घरी स्टीम (वाफेची बंद खोली) किंवा सौना (कोरड्या गरम हवेची लाकडी खोली) लावायचा विचार असेल, तर एक गोष्ट आधीच धरून चाला: मार्चच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत दोन्ही बंद राहणार. पारा ४५ च्या पुढे गेल्यावर मुद्दाम घाम काढायला कोणी बसत नाही. म्हणजे तीन-साडेतीन महिने मशीन नुसतं उभं. शोरूममध्ये तापमान, किलोवॉट, काच, लाकूड सगळं समजावून सांगतात. उभ्या मशीनचं काय होतं, ते मात्र कोणी सांगत नाही. माझा निर्णय शेवटी त्यावरच झाला.

दादाकडे, म्हणजे माझ्या मोठ्या भावाकडे, स्टीम आहे. आमचं घर बांधून होईपर्यंत आम्ही त्याच्याकडेच राहत होतो, त्यामुळे तिची सवय मला चांगलीच होती. आता माझ्या घरी सौना आहे. दोन्हींचं सुख आणि दोन्हींचा त्रास जवळून पाहिला आहे, त्या भरवशावर हे लिहितो.

स्टीमचं सुख खरंच मोठं आहे. हवा ४०-४५ अंशांवरच असते, पण आर्द्रता जवळजवळ पूर्ण, त्यामुळे थोड्याच वेळात अंग सैल पडतं. डिसेंबरच्या थंडीत सर्दीने डोकं जड झालं असताना आत बसलं की नाक मोकळं होतं. आईला सौनाचा कोरडा चटका सोसत नाही, स्टीम मात्र तिला मनापासून आवडते. शिवाय वेगळी खोली लागत नाही, शॉवरची जागाच बंदिस्त करून घेतली की झालं. दहा-पंधरा मिनिटांत वाफ भरते. वीजही कमी खाते: वाफ तयार करणारं ३ किलोवॉटचं जनरेटर अर्धा तास चाललं तर दीड युनिट. माझ्या सौनाचा ४.५ किलोवॉटचा हीटर तापायलाच अर्धा-पाऊण तास घेतो, एका वेळचे चारेक युनिट सहज जातात. बिलाकडे पाहून ठरवायचं असेल तर स्टीमच घ्या, याबद्दल वाद नाही.

त्रास आहे तो पाण्याचा. बेसा, बेलतरोडीकडच्या कितीतरी लेआउटमध्ये बोअरिंगचंच पाणी वापरतात आणि ते जड असतं. कूलरच्या ताट्यांवर मे संपेपर्यंत जो पांढरा थर चढतो, तोच थर स्टीमच्या टाकीत चढतो, फक्त तिथे तो दिसत नाही. पाण्याची वाफ होऊन निघून जाते, क्षार मागे राहतात, आणि उकळल्यामुळे त्यांचा दगडासारखा थर पाणी तापवणाऱ्या एलिमेंटवर बसतो. एलिमेंटची उष्णता पाण्यात उतरत नाही, ते आतल्या आत जास्त तापतं आणि एक दिवस जळतं.

त्याहून वाईट असते ती पाण्याची पातळी मोजणारी सळई. तिच्यावर थर बसला की टाकी भरली आहे हे मशीनला कळतच नाही, ते पाणी घेतच राहतं. मग वाफेच्या तोंडातून उकळतं पाणी थुंकल्यासारखं बाहेर येतं. दादाकडे हे झालं तेव्हा वहिनी आत होत्या. पाय बाजूला होता म्हणून निभावलं. मिस्त्रीने टाकी उघडली तेव्हा मी शेजारीच उभा होतो. पेन्सिलीएवढी सळई खडूच्या कांडीसारखी जाड आणि पांढरी झालेली, तळाशी राखाडी पापुद्र्यांचा ढीग. सायट्रिक ॲसिड टाकल्यावर फसफसून बरंचसं सुटलं, उरलेलं त्याने सुरीने खरवडलं.

कंपनीवाले म्हणतात की टाकी आपोआप रिकामी होते. होते, पण तळाला जे ओलं राहतं ते उन्हाळाभर वाळून घट्ट होतं. म्हणूनच दादाकडे दर पावसाळ्यात मशीन सुरू करायचं म्हटलं की आधी मिस्त्री शोधा. पाण्याचा जडपणा कमी करणारा सॉफ्टनर लावता येतो आणि त्याने फरक नक्की पडतो. पण मग त्याला वेळच्या वेळी मीठ घाला, त्याची देखभाल करा. घाम काढायच्या एका हौसेपायी दोन मशीन सांभाळणं मला तरी जड वाटलं.

सौनाला नळच लागत नाही. हीटरवरच्या तापलेल्या दगडांवर घालायला लोटाभर पाणी पुरतं, आणि ते मी फिल्टरचं घेतो. मार्चमध्ये स्विच बंद करायचा, दार उघडं ठेवायचं, बस. पहिला पाऊस पडून गेल्यावर सुरू केला की नेहमीसारखा तापतो. पावसाळ्यात कपडे, भिंती, सगळंच दमट असताना ८० अंशांच्या कोरड्या लाकडी खोलीत बसणं मला हिवाळ्याहूनही जास्त आवडतं.

सौनाची कटकट वेगळी आहे, ती लपवत नाही. आपल्याकडे वाळवी. केबिन जमिनीला टेकवू नका, टाइल्सचा ओटा करून त्यावर उभी करा आणि खालून-मागून वाळवीचं औषध मारून घ्या. विजेची स्वतंत्र लाइन हवीच, कारण ४.५ किलोवॉट म्हणजे जवळपास २० अँपिअर. महावितरणकडून मंजूर भारही तपासून घ्या. चार बाय पाच फूट, उंची सात फूट, एवढ्या केबिनला इतका हीटर पुरतो. जागा मात्र वेगळी द्यावी लागते, आणि फ्लॅटमध्ये तिथेच गाडं अडतं.

तब्येतीच्या नावाने दोन्हींबद्दल बरंच सांगितलं जातं. फिनलंडमधल्या कुओपिओ भागातल्या २३१५ पुरुषांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आठवड्यातून जास्त वेळा सौना घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने अचानक मृत्यू येण्याचं प्रमाण कमी दिसलं. पण तो अभ्यास नुसत्या निरीक्षणाचा होता, म्हणजे फरक सौनामुळेच पडला हे त्यातून सिद्ध होत नाही, आणि तो कोरड्या सौनाचा होता. त्याचा दाखला देऊन कोणी स्टीम विकू लागला तर त्याला थांबवा. बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल, घरात कोणी गरोदर असेल, तर दोन्हींसाठी आधी डॉक्टरांना विचारा.

घरात वयस्कर माणसं असतील, पेंच-कन्हानचं कॉर्पोरेशनचं पाणी बारा महिने येत असेल आणि जागा कमी असेल, तर स्टीम घेण्यात काही वावगं नाही, असं मला वाटतं. बोअरिंगवर असाल तर मी सौनाच सुचवेन. तरीही स्टीमवरच मन असेल, तर ऑर्डर देण्याआधी पाणी प्रयोगशाळेत देऊन त्याचा जडपणा मोजून घ्या. आरओवाल्याच्या टीडीएस मीटरने तो कळत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची योग्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. तुमचा आकडा २०० च्या बराच पुढे असेल, तर सॉफ्टनरचा खर्च स्टीमच्या किमतीतच धरा आणि मग दोन्हींचे भाव शेजारी ठेवून पाहा.