गच्चीवर एकच तार : 10 मीटर की 40 मीटर?

मुंबईत हौशी रेडिओचा परवाना हाती पडला की पहिला अवघड निर्णय अँटेनाचा असतो, कारण सोसायटीच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या, डिश आणि कपड्यांच्या दोऱ्या यांच्यामधून बहुधा एकच तार ताणायला मिळते, आणि तीही कमिटीची पुष्कळ समजूत घातल्यावर. ती तार 10 मीटर तरंगलांबीच्या (सुमारे 28 मेगाहर्ट्‌झच्या) बँडसाठी कापावी की 40 मीटरच्या (सुमारे 7 मेगाहर्ट्‌झच्या) बँडसाठी, हे जागेइतकेच सूर्यावरही अवलंबून आहे.

लांबीचा हिशेब सरळ आहे. 28.5 मेगाहर्ट्‌झचा अर्धतरंग डायपोल (मध्यभागी जोडणी असलेली, तरंगलांबीच्या निम्म्या लांबीची तार) सुमारे 5 मीटरचा होतो, तर 7.1 मेगाहर्ट्‌झचा सुमारे 20 मीटरचा. पहिला गॅलरीबाहेर तिरकासुद्धा बसतो. दुसऱ्यासाठी टाकीच्या माथ्यावर मध्यबिंदू बांधून दोन्ही टोके कठड्यापर्यंत उतरवावी लागतात.

सूर्याचे गणित मात्र थोडे गुंतागुंतीचे आहे. सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांमुळे आयनांबर (वातावरणाच्या वरच्या भागातील विद्युतभारित थर) तयार होते, आणि सुमारे 11 वर्षांच्या सौरचक्रात सौरडाग वाढले की त्याचा सर्वांत वरचा एफ-2 थर दाट होऊन 28 मेगाहर्ट्‌झच्या लहरीही पृथ्वीकडे परतवू लागतो. सौरडाग घटले की त्याच लहरी थर भेदून अवकाशात निघून जातात. कॅनडातील पेंटिक्टन येथे रोज मोजला जाणारा 10.7 सेंटिमीटरचा सौरप्रवाह अंक (त्या तरंगलांबीवर सूर्याकडून येणाऱ्या रेडिओ ऊर्जेचे माप) सौरडागांच्या मंदीच्या काळात 70 च्या आसपास असतो आणि तेजीत 200 च्याही वर जातो. 10 मीटरचे सारे वैभव या दोन आकड्यांमधल्या अंतरावर उभे आहे. तेजीच्या काळात काही वॉटमध्ये दुपारी युरोप मिळतो, तर मंदीत हाच बँड महिनोन्‌महिने मुका असतो आणि मे ते ऑगस्टमध्ये एफ-2 च्या खाली तुरळक तयार होणाऱ्या ई थरामुळे अधूनमधून जागा होतो, तेवढाच.

येथे मुंबईचे स्थान आपल्या बाजूचे आहे. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, चुंबकीय अक्षांश 15 अंशांच्या सुमारास, एफ थराची घनता जगात सर्वाधिक असते. या पट्ट्याच्या जवळ असल्यामुळे आपल्याकडे 10 मीटर उत्तर युरोपपेक्षा अधिक वेळा आणि अधिक उशिरापर्यंत उघडा राहतो. परदेशी पुस्तकांतील वेळापत्रके मुंबईला जशीच्या तशी लावू नयेत, असे मी नव्या मंडळींना आग्रहाने सांगतो.

40 मीटरचे वागणे जवळजवळ उलटे आहे. दिवसा खालचा डी थर त्याची ऊर्जा शोषून घेतो, आणि सूर्य जितका तेजस्वी तितके हे शोषण अधिक. तरीही पुणे, नाशिक, नागपूर हे टप्पे दिवसा याच बँडवर मिळतात, आणि अंधार पडल्यावर हजारो किलोमीटरवरची स्टेशने येऊ लागतात. मंदीच्या वर्षांतही हा बँड मरत नाही. पहाटे जवळची स्टेशने गळतात, पण दूरची स्वच्छ येतात. याची खरी अडचण गोंगाटाची आहे. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर विजांचा कडकडाट, आणि वर्षभर इमारतीतील एलईडी दिवे व चार्जर यांचा खरखराट 7 मेगाहर्ट्‌झवर अधिक जाणवतो.

सूर्याचा प्रकोप दोघांना वेगवेगळा भोवतो. सौरज्वालेचे क्ष-किरण सुमारे 8 मिनिटांत पोहोचतात आणि पृथ्वीच्या दिवसाच्या बाजूस डी थर एकदम दाट करतात. तेव्हा 40 मीटर आधी बुडतो आणि सर्वांत उशिरा सावरतो. त्यानंतर एक ते तीन दिवसांनी सौरद्रव्याचा लोट येऊन भूचुंबकीय वादळ झाले, तर फटका मुख्यतः वरच्या बँडना आणि ध्रुवाजवळून जाणाऱ्या मार्गांना बसतो, ज्यांत मुंबई ते अमेरिकेचा पश्चिम किनारा हा मार्ग येतो. मे 2024 चे जी-5, म्हणजे मोजपट्टीवरील सर्वांत तीव्र प्रतीचे, वादळ ऑक्टोबर 2003 नंतरचे त्या प्रतीचे पहिले होते. अशा वादळांच्या अभ्यासात मुंबईचा वाटा जुना आहे : सप्टेंबर 1859 च्या महावादळाची मोलाची नोंद कुलाबा वेधशाळेत झाली होती, आणि विजेवरच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय मापन पुढे अलिबागला हलवले गेले.

आता निर्णय. सध्याच्या, पंचविसाव्या सौरचक्राने ऑक्टोबर 2024 च्या सुमारास कमाल गाठली असून पुढची मंदी 2030 च्या आसपास अपेक्षित आहे. म्हणून गच्ची उपलब्ध असेल तर मी निःसंकोच 40 मीटरचा डायपोल सुचवेन, कारण तीच तार तिप्पट वारंवारतेवर, म्हणजे 15 मीटर बँडवरही चालते, आणि 10 मीटर मिटला तरी 15 मीटर पुष्कळदा उघडा असतो. ज्यांच्याकडे केवळ गॅलरी आहे त्यांनी 10 मीटरची तार आजच लावावी. थांबल्यास ती संधी पुढच्या चक्रापर्यंत येणार नाही. शंका असल्यास साध्या रिसीव्हरवर आठवडाभर दुपारी 28.200 मेगाहर्ट्‌झ ऐकावे, जिथे आंतरराष्ट्रीय बीकन साखळीतील (ठरलेल्या वेळी आपोआप ओळख-संदेश पाठवणाऱ्या) 18 केंद्रांना दर 3 मिनिटांत आळीपाळीने पाळी मिळते. त्यातली दोन-तीनही ऐकू येत नसतील, तर 40 मीटर बँडसाठीची 20 मीटर लांबीची तार विकत घ्यावी, आणि कापताना ती थोडी लांबच ठेवावी, कारण 15 मीटरवरचा तिचा अनुनाद (ज्या वारंवारतेवर ती सर्वांत चांगली चालते तो बिंदू) तिपटीच्या किंचित वर पडतो.