ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करायचा की आहे तसा ठेवायचा?

लॅपटॉपवर टॅली, वर्ड, ऑनलाइन लेक्चर आणि रात्री एखादा सिनेमा एवढंच चालत असेल, आणि ते नीट चालत असेल, तर ग्राफिक्स ड्रायव्हरच्या, म्हणजे स्क्रीनवर चित्र दाखवणारी चिप आणि विंडोज यांना जोडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, मागे लागू नका. विंडोज अपडेटमधून आपोआप येईल तो पुरे. माझं हे मत पक्कं आहे. पण सांगलीत लॅपटॉप काही फक्त मार्केट यार्डातल्या बिलांसाठी वापरत नाहीत. विश्रामबागेत इंजिनिअरिंगची मुलं सॉलिडवर्क्स हे थ्रीडी डिझाइनचं सॉफ्टवेअर चालवतात आणि लगीनसराईत फोटोग्राफर मंडळी रात्ररात्र व्हिडिओ एडिट करत बसतात. त्यांच्यासाठी उत्तर बदलतं.

आधी विंडोजमधलं डिव्हाइस मॅनेजर उघडून 'डिस्प्ले अडॅप्टर्स'खाली काय आहे ते पाहा. तिथे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' लिहिलेलं असेल आणि ड्रायव्हरची तारीख 2006 ची दिसत असेल, तर तुमच्या ग्राफिक्स चिपचा खरा ड्रायव्हर चालूच नाही. विंडोज नव्याने टाकल्यावर हे बऱ्याचदा होतं. ब्राइटनेस कमीजास्त होत नाही, प्रोजेक्टर लागत नाही, व्हिडिओ अडखळतो. अशा वेळी विचार करत बसू नका, ड्रायव्हर टाकाच.

आता एडिटिंगवाल्यांचं. दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकली आणि उघडताच 'अनसपोर्टेड जीपीयू प्रोसेसिंग मोड' असा मेसेज आला (जीपीयू म्हणजे ग्राफिक्स चिप), तर पहिला संशय जुन्या ड्रायव्हरवर घ्यावा. एनव्हिडिया या चिप कंपनीचं ग्राफिक्स कार्ड असेल तर ड्रायव्हर दोन प्रकारचे मिळतात, गेम रेडी आणि स्टुडिओ. 2019 पासून स्टुडिओ वेगळा मिळतो. तो कमी वेळा येतो, पण एडिटिंग आणि थ्रीडीच्या सॉफ्टवेअरवर जास्त तपासलेला असतो. पोटापाण्याचं काम ज्या लॅपटॉपवर आहे त्यावर स्टुडिओच घ्या, गेमही त्यावर चालतात. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो: ऑर्डर अर्धवट असताना अपडेट करू नका. 2025 च्या सुरुवातीला एनव्हिडियाच्या काही ड्रायव्हरांमुळे अनेकांची स्क्रीन काळी पडत होती आणि कंपनीला पाठोपाठ दुरुस्त्या काढाव्या लागल्या. अल्बम आणि व्हिडिओ पोचते करा, मग बघा.

गेम खेळणाऱ्यांना नवा गेम घेतला की अपडेटचा फायदा होतो. जुनाच गेम जुन्याच कार्डावर खेळत असाल तर फरक फारसा जाणवणार नाही. नव्या चिपांचं वेगळं. इंटेलची आर्क कार्डं 2022 मध्ये आली तेव्हा डायरेक्टएक्स 9 (विंडोजमधली गेमसाठीची जुनी ग्राफिक्स प्रणाली) वरच्या जुन्या गेममध्ये ती मागे पडत होती, ती पुढच्या ड्रायव्हरांनी बरीच सुधारली. एनव्हिडियाच्या जुन्या जीटीएक्स 1050 किंवा 1060 कार्डवाल्यांनी मात्र नव्या गेमसाठीच्या सुधारणांची वाट पाहू नये. त्या पिढीचे गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर 2025 मध्ये थांबले. ऑक्टोबर 2028 पर्यंत फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या येतील. तेवढ्या मात्र घ्याव्यात, कारण ड्रायव्हरमधल्या सुरक्षेच्या त्रुटीही हॅकरच्या कामी येतात. 'चालतंय तर राहू दे' म्हणण्यातला खरा तोटा हाच.

सॉलिडवर्क्सचं गणित उलटं आहे. तिथे सर्वांत नवा नव्हे, तर कंपनीने प्रमाणित केलेला ड्रायव्हर चांगला, आणि ती यादी मुख्यतः वर्कस्टेशन कार्डांची, म्हणजे अशा व्यावसायिक कामासाठीच्या कार्डांची असते. ऑटोकॅडमध्ये ग्राफिक्सकॉन्फिग ही कमांड दिली की हार्डवेअर अॅक्सिलरेशन (चित्राचं काम ग्राफिक्स चिपकडे देणं) चालू आहे की नाही ते कळतं. चालू असेल आणि ड्रॉइंग सरळ फिरत असेल, तर हात लावायचं कारण नाही.

ड्रायव्हर घ्यायचा कुठून, हा खरा निर्णय. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरचा ड्रायव्हर त्याच मॉडेलवर तपासलेला असतो, पण उशिरा येतो आणि काही वर्षांनी येतच नाही. चिप कंपनीचा ताजा असतो. इंटेलने 2020 पासून आपला सर्वसाधारण ड्रायव्हर थेट टाकायची मुभा दिली, पण त्याने लॅपटॉप कंपनीने केलेले खास बदल पुसले जाऊ शकतात. माझा क्रम असा: आधी लॅपटॉप कंपनीचा, अडचण तरीही सुटली नाही तर चिप कंपनीचा. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' म्हणणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरपासून चार हात लांब राहा.

डेटाचाही विचार करा. एनव्हिडियाची फाइल पाऊण जीबीच्या आसपास जाते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रोजचा दीड जीबीचा पॅक असेल तर निम्मा त्यातच संपतो.

अपडेट करायचंच ठरलं तर चार्जर लावून ठेवा आणि रिस्टोअर पॉइंट (विंडोज आधीच्या स्थितीत परत नेण्याची सोय) बनवा. मध्येच स्क्रीन काही सेकंद काळी होते, तेव्हा घाबरून पॉवर बटण दाबू नका. नंतर त्रास झाला तर डिव्हाइस मॅनेजरमधलं 'रोल बॅक ड्रायव्हर' जुना ड्रायव्हर परत आणतं. ते बटण फिकट दिसलं तर तो रस्ता बंद, म्हणून सध्या चालणाऱ्या ड्रायव्हरची फाइल आधीच डी ड्राइव्हवर उतरवून ठेवा.