हायब्रिड गाडीचं निदान: गेल्या गणपतीपासून वापरतोय ती हत्यारं आणि सेफ्टीचं सामान

घाईत असलेल्यांसाठी आधीच सांगतो. पैसे मोजके असतील तर आधी रबरी ग्लोव्हज आणि चांगला मल्टीमीटर घ्या, गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड वाचणारा भारी स्कॅनर नंतर. दुकानदार बरोबर उलट सांगेल.

कुर्ल्याला आमचं छोटं गॅरेज आहे. टॅक्सीवाल्यांची नेहमीची कामं चालतातच, पण हल्ली टोयोटाच्या हायक्रॉस, हायरायडर आणि जुन्या कॅमरी हायब्रिड वॉरंटी संपवून आमच्याकडे यायला लागल्या, म्हणून हे सामान घेतलं. यातलं बरंचसं नागदेवी स्ट्रीट आणि लोहार चाळीत मिळतं, पण ग्लोव्हज घेताना डोळे उघडे ठेवा. 'इलेक्ट्रिकल ग्लोव्हज' म्हणून जाडसर रबर पुढे करतात आणि त्यावर क्लासही नसतो, तारीखही नसते. क्लास ० चा शिक्का हवाच. तो एसी १००० व्होल्टपर्यंत आणि डीसी १५०० व्होल्टपर्यंत चालतो. कॅमरीची बॅटरी २४४.८ व्होल्टची असते आणि इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला लागेल तशी करून देणारा डबा) तो आकडा आणखी बराच वर चढवतो. डीसीत ६० व्होल्टच्या वर गेलं की धोका धरतात, म्हणजे इथे चेष्टेला जागाच नाही.

ग्लोव्हज रोज तपासायचे. मनगटाकडून गुंडाळत आणायचं, हवा बोटांत कोंडायची आणि हात गालाजवळ धरायचा. बारीकसं भोक असलं तरी गालाला फुंकर लागते. यासाठी मशीन लागत नाही, मिनिटभराचं काम आहे, पण आमचा पोरगा अजूनही कंटाळा करतो. रबराला पेट्रोल, ग्रीस आणि ऊन सोसत नाही, त्यामुळे ते डब्यात सपाट ठेवायचे, पान्यांच्या ट्रेमध्ये नाही. दर सहा महिन्यांनी लॅबमधून टेस्ट करून घ्यायचे. वरून चामड्याचे मोजे चढवायचे, कारण रबर फाटतं ते पत्र्याच्या कडेनं. मे महिन्यात आत घामाचं तळं होतं. सुती आतले मोजे घेतल्यापासून जरा सुसह्य आहे. तक्रार एकच, मिळाले ते ११ नंबरचे. बॅटरीच्या बसबारवरचे (आतले सेल जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवरचे) छोटे नट त्या बोटांत कळतच नाहीत. मुंबईच्या दमट हवेत जुन्या बॅटरीच्या या पट्ट्या हिरव्या पडतात, त्यामुळे ते नट वारंवार सोडवावे लागतात आणि तेव्हा फार चिडचिड होते.

मीटर कॅट ३, १००० व्होल्टचा घेतला; कॅट म्हणजे मीटर विजेचा केवढा झटका सोसेल त्याची श्रेणी. लीड्सही त्याच रेटिंगच्या, नाहीतर मीटर भारी आणि वायर लॅमिंग्टन रोडची असा प्रकार होतो. कामाची पद्धत ठरलेली आहे: गाडी बंद करायची, चावी लांब ठेवायची, १२ व्होल्टची निगेटिव्ह काढायची, सर्व्हिस प्लग (बॅटरीची जोडणी मधून तोडणारा प्लग) उपटून स्वतःच्या खिशात घालायचा आणि इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरायला १० मिनिटं थांबायचं. मग मीटर आधी चालू बॅटरीवर बघायचा, नंतर इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर, परत चालू बॅटरीवर. मधल्या वेळी शून्य आलं आणि दोन्ही टोकांना मीटर बरोबर बोलला, तरच हात घालायचा. प्लग काढला म्हणजे बॅटरी मेली असं समजू नका. ती दोन तुकड्यांत तुटते एवढंच, आतल्या सेलच्या गठ्ठ्यांत, म्हणजे मॉड्यूलमध्ये, करंट असतोच.

आता स्कॅनर. हजाराच्या आतला ब्लूटूथ डोंगल (गाडीच्या सॉकेटात खोचून मोबाइलवर बघायचा छोटा स्कॅनर) कोड दाखवतो, पण अर्धाच. कडक उन्हाळ्यात एक कॅमरी आली. लाल त्रिकोण पेटलेला, डोंगलवर पी०एए६, म्हणजे हाय व्होल्टेज कुठेतरी बॉडीला गळतंय. पण कुठे? टोयोटाच्या टेकस्ट्रीम सॉफ्टवेअरवर त्या कोडच्या पोटात आणखी एक आकडा दिसतो. ६११ असेल तर थंड हवेच्या एसीचा भाग, ६१२ बॅटरी, ६१३ गिअरबॉक्स, ६१४ डीसी लाइन. आमच्या गाडीत ६११ निघाला.

"काका, एसीचा गॅस कधी भरलात?"
"मागच्याच महिन्यात, घराजवळ. थंडही व्हायला लागला होता."

त्या गॅसवाल्यानं साध्या गाडीच्या एसी कंप्रेसरचं पीएजी तेल टाकलं होतं. हायब्रिडचा कंप्रेसर आतल्या मोटरवर चालतो आणि त्याला करंट न वाहणारं एनडी-११ तेलच लागतं. साधा मीटर ओहमवर लावून हे पकडता येत नाही, तो जेमतेम काही व्होल्टनं तपासतो. ५०० व्होल्टचा मेगर (जास्त व्होल्ट देऊन इन्सुलेशन तपासणारा मीटर) लावला तेव्हा मेगाओहमच्या जागी किलोओहम दिसले, म्हणजे गळती पकडली. मेगर मात्र मॅन्युअलमध्ये सांगितलंय तिथेच लावायचा, नाहीतर एखादं कंट्रोल युनिट तुमच्या खर्चानं जाईल. या एका कामात मेगरनं आपली किंमत वसूल केली.

व्हीडीई (इन्सुलेशन तपासल्याचा जर्मन शिक्का) असलेले १००० व्होल्टवाले पाने चांगले आहेत, पण वरच्या आवरणामुळे जाड, अरुंद खाचेत शिरत नाहीत. सेटमधले अर्धे सॉकेट अजून डब्यातून बाहेर आले नाहीत, सुटे घेतले असते तरी चाललं असतं. रबरी चटई आयएस १५६५२ (विजेच्या कामाच्या चटयांचं भारतीय मानक) ची आहे, पावसात गॅरेजची फरशी ओलीच असते म्हणून ती रोज पसरतो. फेसशील्डवर घामाची वाफ धरते, तरी मेगर लावताना घालतोच. शॉक लागलेल्या माणसाला ओढून काढायचा इन्सुलेटेड हुक भिंतीला टांगलेला आहे, देव करो आणि तो तिथेच राहो.

आणि हो, बऱ्याच गाड्यांना यातलं काहीच लागत नाही. मागच्या सीटपाशी बॅटरीच्या पंख्याची जाळी असते, ती कुत्र्याच्या केसांनी आणि धुळीनं बुजलेली सापडते. नाहीतर १२ व्होल्टची बॅटरी मेलेली असते आणि गाडी चालायला तयार असल्याचा 'रेडी' दिवा लागतच नाही. आधी तेच बघा, कस्टमरचेही पैसे वाचतात.

१० नंबरच्या ग्लोव्हजचा दुसरा जोड मागवलाय. पहिला टेस्टला गेला की काम अडतं.